आवरलं का?

व्हिडिओ संकलनाबद्दल वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांत ट्रान्झिशन आणि रंगसंगती जवळपास नाहीच. सगळ्यांना आवराआवरीचं पडलंय. बरं वाटलं. कट कसा मारायचा हे शिकवायला पुष्कळ जण बसलेत. काम संपल्यावर प्रोजेक्टचं काय करायचं, हे मात्र ज्याचं त्याने ठेच लागल्यावर शिकायचं असा रिवाज पडलाय. पत्रं छाटून छापतेय, नावं मुद्दाम काढली आहेत. रिझॉल्व्ह, प्रीमिअर, फायनल कट आणि एव्हिड ही पुढे येणारी नावं एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची आहेत.

प्रश्न : ताई, रिझॉल्व्हमध्ये एक लघुपट एडिट करतोय. त्याची प्रोजेक्ट फाइल शोधली, कुठे सापडतच नाही. फुटेज सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर आहे. आता कॉम्प्युटर फॉरमॅट करायचाय. फुटेज सुरक्षित आहे म्हणजे काळजी नाही ना?

थांबा. फॉरमॅटला हात लावू नका.

प्रीमिअरमध्ये तुम्ही जिथे सेव्ह कराल तिथे प्रोजेक्टची एक फाइल दिसते. रिझॉल्व्हमध्ये तशी फाइल नसते. तुमचे सगळे प्रोजेक्ट एका डेटाबेसमध्ये राहतात, नव्या आवृत्त्यांत त्याला 'प्रोजेक्ट लायब्ररी' म्हणतात. तुम्ही काही बदललं नसेल, तर ही लायब्ररी कॉम्प्युटरच्या मुख्य ड्राइव्हवर असते. म्हणजे तुम्ही जी फॉरमॅट करायला निघालात, त्याच डिस्कवर. फुटेज बाहेर राहील, आणि ते कसं जोडायचं हे ठरवण्यात घालवलेले सगळे दिवस जातील.

आता करायचं ते असं. शिफ्ट आणि १ दाबा, प्रोजेक्ट मॅनेजर उघडेल. प्रोजेक्टवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' निवडा. डीआरपी नावाची छोटी फाइल मिळेल. त्यात टाइमलाइन (क्लिप क्रमाने लावलेली पट्टी), कट, रंगकाम सगळं असतं, फुटेज नसतं. गॅलरीत स्टिल्स (रंगकामाचे नमुने) साठवली असतील किंवा बाहेरचे लट (रंग बदलायच्या तयार फाइली) वापरले असतील, तर त्याच यादीत स्टिल्स आणि लटसकट एक्स्पोर्ट करण्याचा वेगळा पर्याय आहे, तो घ्या. फुटेजसुद्धा एकत्र बांधून हवं असेल तर 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह', त्याचं डीआरए फोल्डर होतं आणि ते अर्थातच अवाढव्य असतं. शिवाय तिथेच बाजूला लायब्ररीचा पूर्ण बॅकअप घ्यायची सोय आहे, तोही घ्या, कारण तुमचे जुने, विसरलेले प्रोजेक्टही त्याच लायब्ररीत असणार.

या सगळ्या प्रती बाहेरच्या ड्राइव्हवर टाका. डीआरपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर इम्पोर्ट करून उघडते का ते बघा. मग फॉरमॅट.

प्रश्न : मी प्रोजेक्ट कधी बंदच करत नाही, सरळ सॉफ्टवेअर बंद करते. वेगळं 'क्लोज प्रोजेक्ट' कशासाठी असतं? एकदा प्रीमिअरमध्ये 'क्लोज' केलं तर टाइमलाइनची खिडकीच गेली.

खिडकीचं आधी सांगते. प्रीमिअरच्या फाइल मेनूत 'क्लोज' आणि 'क्लोज प्रोजेक्ट' असे दोन पर्याय आहेत. पहिला, म्हणजे कंट्रोल-डब्ल्यू, समोरचं पॅनल बंद करतो. दुसरा, कंट्रोल-शिफ्ट-डब्ल्यू, प्रोजेक्ट बंद करतो. तुमचं पॅनल गेलं, काम कुठे गेलं नाही. विंडो मेनूत वर्कस्पेसमध्ये जाऊन मूळ मांडणी परत आणा.

एकच प्रोजेक्ट करून रोज मशीन बंद करणाऱ्याला या दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. फरक पडतो एकापेक्षा जास्त प्रोजेक्ट उघडे असतात तेव्हा. प्रीमिअरमध्ये ही सोय २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आली, आणि तेव्हापासून एक नवा घोळही आला. दोन प्रोजेक्टमध्ये 'मुख्य' नावाचीच टाइमलाइन, दोन्ही उघड्या, आणि तासभर आपण भलत्याच कामात कट मारत बसलेलो. शिवाय एका प्रोजेक्टमधली क्लिप दुसऱ्यात ओढली की तिची दुसरी नोंद तयार होते. हळूहळू प्रोजेक्ट फुगतो आणि उघडायला वेळ घेऊ लागतो. फाइल मेनूत 'क्लोज ऑल अदर प्रोजेक्ट्स' आहे. कामाला बसलात की ते एकदा दाबायची सवय लावा.

एकच मोठं काम अनेक प्रोजेक्टमध्ये मुद्दाम विभागायचं असेल, मालिकेचे भाग किंवा लांब माहितीपट, तर २०२० मध्ये आलेली 'प्रॉडक्शन्स'ची व्यवस्था बघा. तिथे क्लिप दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये नेली तरी नोंद दुप्पट होत नाही, मूळ नोंदीशीच नातं राहतं.

फायनल कटवाल्यांसाठी : तिथे 'सेव्ह' हा पर्यायच नाही, सगळं आपोआप साठत जातं. पण लायब्ररी बाहेरच्या ड्राइव्हवर असेल तर ड्राइव्ह काढण्याआधी फाइल मेनूतून ती लायब्ररी बंद करा. नुसती खिडकी मिनिमाइज करून केबल ओढू नका. आणि एव्हिडवर सामायिक स्टोरेजला काम करत असाल, तर तुम्ही उघडी ठेवलेली बिन (क्लिप ठेवायचं फोल्डर) बाकीच्यांना फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. तुम्ही घरी जाऊन झोपलात आणि तुमचा सहकारी रात्रभर कुलपाच्या चित्राकडे बघत बसला, असं होतं. बिन बंद करणं तिथे शिष्टाचार आहे.

प्रश्न : ऑटोसेव्ह चालू असताना हाताने सेव्ह करायची गरज काय?

ऑटोसेव्ह मशीन बंद पडलं तर वाचवतं. तुमचं मन बदललं तर वाचवेलच असं नाही.

प्रीमिअर तुमच्या प्रोजेक्ट फाइलशेजारी ऑटोसेव्हचं फोल्डर करतो आणि त्यात वेळेसह प्रती टाकत जातो. प्रतींची संख्या ठरलेली असते, ती भरली की जुन्या प्रती जातात. म्हणजे मागच्या आठवड्यातला, दिग्दर्शकाला आवडलेला कट तिथे असेलच याची खात्री नाही. फायनल कटच्या प्रती मूव्हीज फोल्डरमध्ये 'फायनल कट बॅकअप्स'मध्ये जातात, एव्हिडच्या 'अॅटिक'मध्ये. रिझॉल्व्हमध्ये लाइव्ह सेव्ह वेगळं आणि प्रोजेक्ट बॅकअप वेगळा. प्रेफरन्सेसमध्ये दोन्ही चालू आहेत का ते आजच बघा. लाइव्ह सेव्ह तुमची चूकसुद्धा तत्परतेने सेव्ह करतं.

दुसरं, प्रोजेक्ट बंद केला की अनडू संपतं. सकाळी उघडल्यावर कालचा कट मागे नेता येत नाही. म्हणून दिवसाच्या शेवटी मी टाइमलाइनची डुप्लिकेट करते, तिला तारीख आणि क्रमांक देते, जुनी एका बिनमध्ये ढकलते आणि मग बंद करते. नावात 'फायनल' हा शब्द मी वापरत नाही. ज्याला तो शब्द लावला त्याच्यात हमखास बदल येतो.

ऑटोसेव्हमधून प्रोजेक्ट परत आणायची वेळ आलीच, तर ती प्रत त्या फोल्डरमध्येच उघडून काम सुरू करू नका. बाहेर काढा, नाव बदला, मग उघडा. नाहीतर पुढचं काम ऑटोसेव्हच्या फोल्डरमध्ये साठत राहतं आणि खरा प्रोजेक्ट कोणता हे तुम्हालाच कळेनासं होतं. आणि ऑटोसेव्ह ज्या ड्राइव्हवर प्रोजेक्ट त्याच ड्राइव्हवर असेल, तर ड्राइव्ह गेला की दोन्ही गेले. अधूनमधून प्रोजेक्ट फाइल स्वतःच दुसरीकडे टाका. काही एमबींची तर असते.

प्रश्न : माहितीपट पूर्ण झाला, देऊन झाला. दोन ड्राइव्ह तुडुंब भरलेत, पुढचं काम दारात उभं आहे. काय ठेवू, काय टाकू? मित्र म्हणतो प्रोजेक्ट मॅनेजर चालव, बटण दाबलं की झालं.

या प्रश्नासाठीच खरं तर आजचं सदर लिहिते आहे.

प्रोजेक्ट फाइल म्हणजे तुमच्या निर्णयांची वही आहे. 'अमुक क्लिपचा तमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंतचा तुकडा इथे ठेवला', एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. चित्र तिच्यात नसतं. प्रीमिअरची फाइल तर शब्दशः मजकूर आहे. दाबून लहान केलेलं एक्सएमएल असतं, सोडवलं की वाचता येतं. त्यामुळे काय ठेवायचं हे ठरवताना मी प्रत्येक फोल्डरला एकच प्रश्न विचारते. हे हरवलं तर मशीनकडून पुन्हा करून घेता येईल का? येत असेल तर त्याला जागा कशाला द्यायची?

पुन्हा करून घेता येण्यासारखं पुष्कळ असतं. प्रीमिअरचा मीडिया कॅशे, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या फाइली (आवाजाच्या सीएफए, आवाजाच्या लाटांच्या चित्राच्या पीईके), रेंडर प्रिव्ह्यू, रिझॉल्व्हचा रेंडर कॅशे, फायनल कटच्या रेंडर फाइली, आणि सगळीकडच्या प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) व ऑप्टिमाइझ्ड (एडिटला सोप्या प्रती) फाइली. यातल्या शेवटच्या दोघांकडे नीट बघा. तुमच्या कॅमेऱ्याने सेकंदाला १०० मेगाबिटने फोर-के चित्रण केलं असेल तर मूळ फुटेज तासाला ४५ जीबी होतं. त्याचंच प्रोरेस ४२२ या एडिटला सोयीच्या फॉरमॅटमध्ये ऑप्टिमाइझ्ड मीडिया केलं, ३८४० बाय २१६० आणि २५ फ्रेम धरा, तर तासाला साधारण २२१ जीबी. मूळाच्या जवळपास पाचपट. तुमचे दोन ड्राइव्ह बहुधा यानेच भरले आहेत, तुमच्या मुलाखतींनी नाही.

हे पुसायचं ते सॉफ्टवेअरच्या आतून. फायनल कटमध्ये फाइल मेनूत 'डिलीट जनरेटेड लायब्ररी फाइल्स', रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूत 'डिलीट रेंडर कॅशे' आणि ऑप्टिमाइझ्ड मीडिया पुसण्याचा पर्याय, प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेसमधलं 'मीडिया कॅशे'. फायनल कटची लायब्ररी ही दिसायला एक फाइल, आतून फोल्डर असते. ती फोडून हाताने वेचत बसू नका. कुठली फाइल कशाला बांधलेली आहे हे बाहेरून कळत नाही.

पुन्हा होऊ न शकणारं म्हणजे कॅमेऱ्यातलं मूळ फुटेज, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज, प्रोजेक्ट फाइल आणि पूर्ण झालेला मास्टर, म्हणजे तयार फिल्मची पूर्ण दर्जाची फाइल. इथे जुनं थोडं सांगते, कारण माझ्या वयाच्या एडिटरांची सवय वेगळी पडली होती. टेपच्या काळात काम संपलं की आम्ही डिस्कवरचं सगळं बिनधास्त पुसायचो. टेप कपाटात असायची, प्रोजेक्टमध्ये टेपचं नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळेचा क्रमांक) असायचा. वर्षभराने बदल आला तर तीच टेप डेकमध्ये घालून बॅच कॅप्चर लावायचं, हवे तेवढेच तुकडे परत यायचे. आता कार्ड दुसऱ्या दिवशी फॉरमॅट होऊन पुन्हा कॅमेऱ्यात जातं. तुमच्या ड्राइव्हवर आहे तीच मूळ प्रत. तरी 'पुसलं तरी चालतं' ही सवय मात्र लोकांत राहून गेली.

आता मित्राच्या बटणाबद्दल. प्रीमिअरचा प्रोजेक्ट मॅनेजर चांगला आहे, पण तो काय करतो ते समजून घ्या. त्यात दोन वाटा. 'कलेक्ट फाइल्स' वापरलेल्या क्लिप पूर्णच्या पूर्ण नव्या जागी कॉपी करतो. दोन तासांच्या मुलाखतीतली दहा सेकंदं वापरली असली तरी दोन तास कॉपी होतात. 'कन्सॉलिडेट अँड ट्रान्सकोड' फक्त वापरलेले तुकडे, दोन्ही बाजूंना थोडी शेपटी ठेवून, नव्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत) तयार करतो. जागा वाचते, पण न वापरलेलं गेलं ते गेलं. माहितीपटाला मी ही दुसरी वाट कधीही सुचवणार नाही. जाहिरातीत न वापरलेला टेक हा न वापरलेला टेक असतो. माहितीपटात न वापरलेल्या दोन तासांत त्या माणसाचं सगळं बोलणं असतं, आणि तेच कोणाला तरी पुढे हवं असतं. रिझॉल्व्हच्या 'मीडिया मॅनेजमेंट'मध्येही अशाच वाटा आहेत, तिथेही हाच विचार करा.

आणि मॅनेजर काय गोळा करत नाही? फॉन्ट नाही. प्लगइन नाही. तुम्ही डाउनलोड फोल्डरमधून सरळ टाइमलाइनवर ओढलेलं संगीत तो गोळा करतो, पण त्याचा परवाना नाही.

मी आवरते ते या क्रमाने. आधी मास्टर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत, हेडफोन लावून, न थांबता बघते. मग प्रोजेक्टची प्रत करून तिच्यातल्या अर्धवट टाइमलाइन काढते. मूळ प्रोजेक्ट तसाच राहतो. मास्टर तीन प्रकारचे काढते : एक जसा दिला तसा, एक अक्षरं आणि नावं नसलेला साफ, आणि आवाजाचे संवाद, संगीत, इफेक्ट असे सुटे ट्रॅक. पुढे दुसऱ्या भाषेत करायचं म्हटलं, किंवा एक नाव चुकलं म्हणून परत आलं, तर दहातल्या नऊ वेळा प्रोजेक्ट उघडावाच लागत नाही. साफ मास्टरवर नवी अक्षरं टाकली की झालं.

मग सगळं एका फोल्डरमध्ये गोळा झालं की जुना ड्राइव्ह काढून बाजूला ठेवते, आणि त्यानंतरच गोळा केलेला प्रोजेक्ट उघडते. लोक हे करत नाहीत. जुना ड्राइव्ह जोडलेला असला की नवा प्रोजेक्ट गुपचूप तिथल्याच फाइली वापरत बसतो, सगळं हिरवंगार दिसतं, आणि तुम्ही निश्चिंतपणे जुना ड्राइव्ह फॉरमॅट करता. काढून बघितलं की काय राहिलं ते लगेच दिसतं. बहुतेकदा एक लोगो आणि एक पार्श्वसंगीत राहिलेलं असतं.

फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल टाकते. सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, फ्रेमरेट, दिलेली टाइमलाइन कोणती, फॉन्ट, प्लगइन, संगीताचा परवाना कोणाच्या नावावर, कोणी कधी मंजुरी दिली. हे लिहायला पंधरा मिनिटं लागतात, पण काम संपल्याच्या आठवड्यातच लिहावं लागतं. नंतर आठवत नाही.

प्रती किती? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब अजून कोणी मोडीत काढलेला नाही : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. कॉपी करताना चेकसम (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला आकडा) तपासणारं साधन वापरा, नुसतं ओढून टाकलं की अर्धवट फाइलसुद्धा पूर्ण दिसते. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला एसएसडी घेऊ नका. ती विजेशिवाय पडून राहिली की साठवलेला चार्ज हळूहळू गळतो. साधी हार्डडिस्क घ्या आणि वर्षातून एकदा तरी जोडून फिरवा. संस्था असेल आणि साठा मोठा असेल तर एलटीओ, म्हणजे डेटा साठवायची चुंबकीय टेप. नवव्या पिढीच्या एका टेपवर १८ टीबी मावतं. टेपने शेवटी सूड उगवला म्हणायचा.

प्रश्न : जुना प्रोजेक्ट उघडला तर सगळीकडे लाल 'मीडिया ऑफलाइन'. एक फाइल दाखवल्यावर बाकीच्या जोडल्या गेल्या, पण मुलाखतीच्या जागी भलत्याच माणसाचं चित्र आलं!

तुमच्या क्लिपचं नाव सी०००१ असणार.

सॉफ्टवेअर हरवलेली फाइल शोधताना मुख्यतः नावावर जातं. बरेच कॅमेरे प्रत्येक फॉरमॅट केलेल्या कार्डावर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करतात, म्हणजे पाच कार्डांवर पाच सी०००१. मूळ वाट सापडत होती तोवर वाद नव्हता. ड्राइव्ह बदलला, विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर बदललं, कोणी फोल्डरचं नाव सुधारलं, की वाट तुटते. मग रीलिंक करताना 'बाकीच्या आपोआप जोडा' असं टिक केलं की सॉफ्टवेअरला दिसेल तो पहिला सी०००१ ते उचलतं.

आत्तापुरता उपाय : आपोआप जोडायचं टिक काढा, कार्डाच्या एकेक फोल्डरच्या क्लिप वेगळ्या निवडून त्यांना त्यांचंच फोल्डर दाखवा. कुठली कोणत्या कार्डाची ते कळत नसेल तर टाइमकोड आणि क्लिपची लांबी बघा. कॅमेऱ्याचा टाइमकोड घड्याळावर चालत असेल तर एवढ्यावर सुटतं.

पुढच्या वेळी कार्ड उतरवताना कार्डाचं आतलं सगळं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, नुसत्या व्हिडिओ फाइली वेचू नका. काही कॅमेरे लांब शॉट तुकड्यांत साठवतात आणि ते तुकडे जोडायची माहिती शेजारच्या छोट्या फाइलींत असते. त्या सगळ्याला तारीख, कॅमेरा आणि कार्ड यांचं नाव असलेलं बाहेरचं फोल्डर द्या. फाइलींची नावं बदलायचीच असतील तर एडिट सुरू होण्याआधी. अर्ध्या कामात नावं बदलणाऱ्या सहायकाला मी प्रेमाने समजावते, एकदाच.

प्रश्न : जुन्या प्रोजेक्टमधली मराठी शीर्षकं उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. फुटेज ठीक आहे.

शीर्षकं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेली असणार. त्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरंच टाइप झालेली असतात, देवनागरी दिसते ती फक्त त्या फॉन्टच्या चित्रांमुळे. फॉन्ट गेला की खिचडी. तोच फॉन्ट सापडला तर सुटाल, नाहीतर दिलेल्या मास्टरवरून बघून पुन्हा टाइप करा, या वेळी युनिकोडमध्ये. युनिकोडमध्ये करूनही जोडाक्षरं तुटत असतील आणि वेलांट्या भलतीकडे जात असतील, तर प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय निवडा. आणि वापरलेल्या फॉन्टच्या फाइली, परवाना परवानगी देत असेल तर, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा.

प्रश्न : सॉफ्टवेअर अपडेट करू का? काम अर्ध्यावर आहे.

नको.

काम संपल्यावर करा, आणि जुने प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडताना प्रतच उघडा. एकदा नव्यात बदलून घेतलेला प्रोजेक्ट जुन्यात सहसा उघडत नाही. रिझॉल्व्हमध्ये तर अख्खी लायब्ररीच अपग्रेड होऊ शकते, म्हणून आधी तिचा बॅकअप. आणि हे फक्त आवृत्तीपुरतं नाही. २०११ मध्ये फायनल कट प्रो एक्स आलं तेव्हा ते आधीच्या फायनल कट ७ चे प्रोजेक्ट उघडतच नव्हतं. पुढे २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणंच बंद केलं, म्हणजे जुनं फायनल कट नव्या मशीनवर चालवायची आशाही संपली. ज्यांनी आवरताना प्रोजेक्टबरोबर एक्सएमएल (टाइमलाइनची दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणारी नोंद) काढून ठेवलं होतं, त्यांच्या हातात काहीतरी राहिलं.

म्हणून मिटवताना शेवटच्या टाइमलाइनचं एक्सएमएल किंवा तशाच कामाचं एएएफ, आणि जोडीला साधी ईडीएल (कटांची यादी) काढा. ईडीएलमध्ये इफेक्ट येत नाहीत, चित्राचा जेमतेम एक ट्रॅक येतो. पण ती नोटपॅडमध्ये उघडून माणसाला वाचता येते, आणि कुठलंही सॉफ्टवेअर उरलं नाही तरी कट कुठे होते ते कळतं.

प्रश्न : चालू प्रोजेक्ट क्लाउडच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवला तर कुठूनही काम करता येईल ना?

संपलेल्या प्रोजेक्टच्या प्रती क्लाउडवर जरूर ठेवा. चालू प्रोजेक्ट सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये उघडून काम करू नका, फायनल कटची लायब्ररी आणि रिझॉल्व्हचा डेटाबेस तर अजिबात नको. सॉफ्टवेअर लिहीत असतानाच सिंक त्याच फाइली उचलायला बघतं. एकत्र काम करायचं तर त्या सॉफ्टवेअरने त्यासाठी दिलेली व्यवस्था वापरा.

प्रश्न : मी फोनवरच एडिट करते. अॅपमधले ड्राफ्ट म्हणजेच प्रोजेक्ट ना? फोन बदलतेय.

हो, आणि ते ड्राफ्ट बहुतेक वेळा अॅपच्या स्वतःच्या जागेत असतात. अॅप काढलं की तेही जातात. अॅपने क्लाउडवर किंवा फाइल म्हणून ड्राफ्ट बाहेर काढायची सोय दिली असेल तर आधी ती वापरा. नसेल तर महत्त्वाच्या कामांचे सगळ्यात चांगल्या दर्जाचे एक्स्पोर्ट आणि मूळ क्लिप कॉम्प्युटरवर उतरवा. जुना फोन लगेच विकू नका, नव्यावर दोनचार ड्राफ्ट उघडून बघा. गॅलरीतून मूळ क्लिप पुसल्या असतील तर ड्राफ्ट उघडेल, आत काळ्या चौकटी दिसतील.

प्रश्न : ग्राहक 'अजून एक छोटा बदल' म्हणत महिनोन्महिने येत राहतो. प्रोजेक्ट मिटवायचा कधी? आणि आता तो प्रोजेक्ट फाइलही मागतोय. द्यावी का?

मिटवायची तारीख तुम्ही ठरवायची, काम सुरू होण्याआधी, लेखी. माझ्या कागदावर असं असतं : किती फेऱ्या बदल, मंजुरीनंतर फुटेज माझ्या ड्राइव्हवर किती दिवस राहील, त्यानंतर ते कोणाच्या ताब्यात, आणि मिटवलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडायचा तर वेगळे पैसे. उघडणं म्हणजे ड्राइव्ह शोधणं, आवृत्ती जुळवणं, ऑफलाइन निस्तरणं, हे एका बदलाच्या आधीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ग्राहकाला ते दिसत नाही, म्हणून आधी सांगायचं. मुदत संपायच्या आठवडाभर आधी मी संदेश पाठवते, आणि उत्तर लेखी आल्याशिवाय काही पुसत नाही. माणूस फोनवर 'हो हो' म्हणतो आणि नंतर विसरतो.

प्रोजेक्ट फाइल द्यायची की नाही, हे तुमच्या करारावर आहे. मूळ फुटेज त्याच्या पैशाने शूट झालं असेल तर ते त्याला द्या, त्यात खळखळ करू नका. प्रोजेक्टचं तसं नाही. करारात नसेल तर ती वेगळी वस्तू म्हणून वेगळी किंमत सांगा. काही जण साफ नकार देतात. मी देते, कारण माझे कट मास्टरमध्ये कोणालाही दिसतातच. पण देण्याआधी त्याच प्रोजेक्टमध्ये पडलेल्या दुसऱ्या ग्राहकांच्या क्लिप आणि तुमचे खासगी मार्कर (टाइमलाइनवरच्या टिपा) काढा. 'इथे साहेबांचं पोट दिसतंय' असा मार्कर साहेबांच्याच हाती पडायला नको. परवान्याने बांधलेले फॉन्ट, प्लगइन आणि संगीत सोबत देऊ नका, नुसती यादी द्या. आणि फाइल कोणत्या आवृत्तीत उघडते ते त्याच संदेशात लिहा, नाहीतर रात्री फोन येईल.